पुढे उतरतं स्टूल

वस्तू बनवणाऱ्याला कधीही विचारू नका, असं मी एकतीस वर्षं वर्गात सांगत आले. बनवणारा स्वतःचं कौतुक करतो, विकणारा थापा मारतो आणि वापरणाऱ्याला काही आठवत नसतं. वस्तू मात्र खोटं बोलत नाही. ती उलटी करा, तिची झीज बघा, ती कुणाच्या घरात होती आणि कुणाच्या घरात नव्हती ते शोधा, म्हणजे त्या काळातला सगळा समाज तुमच्यापुढे कबुलीजबाब देईल. वस्तूंच्या रचनेचा इतिहास शिकवणाऱ्या माणसाला असली वाक्यं फार आवडतात. मुलं ती वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत मलाच परत करायची, आणि मी त्यांना भरघोस गुण द्यायचे.

माझं नाव झालं ते एका स्टुलामुळे. स्वयंपाकघरात ठेवायचं साधं लाकडी स्टूल. चार गोल पाय, पाठ नाही. पण पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा बोटभर आखूड, त्यामुळे बैठक पुढे उतरती. बसलेला माणूस हळूहळू पुढे घसरतो आणि शेवटी उठूनच उभा राहतो. आमच्याच शहरातल्या एका फर्निचर कारखान्याने पन्नास वर्षांपूर्वी अशी हजारो स्टुलं विकली होती. मला एक भंगारवाल्याकडे मिळालं, आणि ग्रंथालयात त्या कारखान्याचा जुना कॅटलॉग मिळाला. अकराव्या पानावर स्टुलाचं चित्र, त्यावर अर्धी बसलेली, अर्धी उठलेली, पूर्ण हसणारी एक बाई. खाली छापलेलं, ‘बसली तरी कामातच!’

आठव्या पानावर त्याच कारखान्याची आरामखुर्ची होती. तिच्यात एक गृहस्थ पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते.

मी आनंदाने उडालेच. पुरुषाची खुर्ची मागे कलती, बाईचं स्टूल पुढे उतरतं. एका घरात एकाने विसावायचं आणि दुसरीने घसरायचं, हे कुणी बोलून दाखवायची गरजच नव्हती, ते थेट लाकडात कापून ठेवलं होतं. यावर मी आधी लेख लिहिला, मग पुस्तक. परिषदांना बोलावणी आली. ‘स्टूलवाल्या मॅडम’ हे नाव मुलांनी चिडवायला ठेवलं होतं, पण मला ते मनातून आवडायचं, आता कबूल करायला काय हरकत आहे.

त्या पुस्तकात मी आईवरही एक पान लिहिलं. आमच्या घरात तसंच एक स्टूल होतं. माझे बाबा त्याच कारखान्यात होते, तेव्हा कारखान्याचा माल घरी असणारच, असं मी धरून चालले. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला ती आठवते ती त्या स्टुलावरून सतत उठताना. मी लिहिलं, ‘माझी आई या स्टुलावर कधीच निवांत बसली नाही. ज्याने कुणी ते आखलं, त्याला ती बसायलाच नको होती.’ हे वाक्य वाचून सभागृहात लोक डोळे पुसत, आणि मी पुढची स्लाइड लावायच्या आधी जरा थांबत असे.

बाबा कारखान्याच्या नमुना-खोलीत होते. कागदावर कुणी काहीही काढलं, तरी त्याचा पहिला नग लाकडात उभा करायचा तो बाबांनी. तिथे त्यांना सगळे ‘मिलीमीटर’ म्हणत, कारण ‘अंदाजे’ हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात वापरला नाही. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, माझ्याकडेच असतात, आणि बाल्कनीत एक टेबल टाकून शेजारपाजारच्यांच्या मोडक्या वस्तू दुरुस्त करून देतात. निदान मागच्या वर्षापर्यंत देत होते.

पुस्तक लिहिताना मी त्यांना विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. लाकूड कोणतं, सरस कोणता, पाय बैठकीत कसे बसवायचे, पॉलिशचे हात किती. तीन दुपारी ते मला सांगत होते आणि मी टिपून घेत होते. तिसऱ्या दुपारी ते म्हणाले, “आणि त्या उताराचं म्हणशील तर...” मी म्हटलं, “ते राहू द्या बाबा, उताराचं प्रकरण माझं लिहून झालंय.” ते हसले. “मग झालं तर,” म्हणाले आणि करवतीला तेल लावायला लागले. प्रस्तावनेत मी त्यांचे आभार मानले आहेत, ‘लाकूडकामाविषयीच्या माहितीसाठी’. छापील, जाड अक्षरात.

मागच्या वर्षी संग्रहालयाने घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरवलं आणि त्याची सगळी मांडणी माझ्याकडे दिली. भंगारवाल्याकडचं स्टूल मधोमध, काचेत, वरून दिवा. शेजारच्या पाटीचा मजकूर माझा. ‘रचनाकार अज्ञात. बसणारीला बसू न देण्यासाठी केलेली बैठक.’ उद्घाटनाला बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात घडीचा चष्मा. आयुष्यभर बनवलेली वस्तू काचेत ठेवतात हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. मी पाहुण्यांमध्ये होते, पण माझा एक डोळा त्यांच्याकडे होता, कारण खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून शाबासकी हवी होती.

त्यांनी पाटी वाचली. अक्षराखाली बोट फिरवत वाचायची त्यांची सवय आहे, पण रखवालदार बघत होता म्हणून त्यांनी बोट हवेतच फिरवलं. मग दुसऱ्यांदा वाचली. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले, “अक्षर छान आलंय. वाचता येतं.”

परतताना टॅक्सीत त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, “एक विचारू? तुझी आई तुला कधी काही म्हणाली होती का? त्या स्टुलाबद्दल?”

“बाबा, मी नऊ वर्षांची होते.”

“नाही, पण तिला टेकून बसावंसं वाटत असेल का गं? आणि आपल्याला सांगता येत नसेल?”

आता इथे कुठल्याही मुलीने बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं. मी बघितलं नाही. मला चांगला प्रश्न आला की उत्तर द्यायची खोड आहे. मी म्हटलं, “वाटत असणारच. पण अशी वस्तू आपल्याला बसू देत नाहीये हे बसणाऱ्याला कळतच नाही, हेच तर माझं म्हणणं आहे. आणि बनवणाऱ्यालाही कळत नसतं. तो भल्यासाठीच करतो असं त्याला वाटत असतं.”

“असं का,” बाबा म्हणाले. “बनवणाऱ्यालाही कळत नसतं.”

“हो ना.”

“पुस्तकात हे सगळं दिलंय?”

“तिसरं प्रकरण,” मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं, हे मी विसरू शकत नाही.

त्यानंतर ते पुस्तक बाल्कनीतल्या टेबलावर दिसायला लागलं, तिसऱ्या प्रकरणात मोजपट्टी घातलेली. बाबा वाचतायत याचा मला आनंद झाला. शेजारचा मोडका पाट दोन महिने तसाच पडून राहिला, तेव्हा मला वाटलं वय झालं. मी स्वयंपाकघरात काम करायला लागले की ते खुर्ची आणून माझ्यामागे ठेवायचे आणि “टेक, टेक जरा” म्हणायचे, तेव्हा मला वाटलं म्हातारपणी माणूस हळवा होतो. दुसऱ्यांच्या घरातल्या खुर्च्यांचा कल अर्ध्या अंशापर्यंत वाचणारी बाई मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नाआधी ती आमच्याकडेच राहायची. आता पंच्याहत्तरीची आहे, कंबर ठीक, जीभ त्याहून ठीक. पुस्तकं वाचत नाही. “लिहिलंयस तूच, मग तूच वाच” म्हणून माझं पुस्तक तिने परत केलं होतं. ती आली, बाबा अंघोळीला गेले होते, म्हणून सरळ स्वयंपाकघरात येऊन, आईच्या वेळच्या त्या जुन्या स्टुलावरचा डबा खाली ठेवून त्यावर बसली आणि ताडकन उठली.

“हे काय झालंय याला?”

“कशाला?”

“अगं, हे सपाट झालंय!”

मी हात टेकवून पाहिला. खरंच, बैठक सपाट होती. ते स्टूल मी रोज बघत होते. त्यावर धान्याचा डबा ठेवत होते.

मी स्टूल उलटं केलं. एकतीस वर्षं मुलांना पहिला धडा हाच देत आले, वस्तू आधी उलटी करा. माझ्या घरातली ही वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा उलटी करत होते. भंगारातल्या स्टुलाखाली कारखान्याचा शिक्का होता. प्रत्येक नगावर असायचा. याच्याखाली शिक्का नव्हता. पेन्सिलने काढलेल्या बारीक रेघा होत्या आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर.

आणि पुढच्या दोन्ही पायांना चकत्या चिकटवलेल्या होत्या. एकावर एक, सात एका पायाला, सात दुसऱ्याला. जमिनीकडची बिस्किटाएवढी जाड, मग बैठकीकडे कमी कमी होत शेवटची पुठ्ठ्याएवढी. प्रत्येकीच्या लाकडाची नस शेजारच्या चकतीच्या नसेशी जुळवलेली. तरीही उंची भरत नव्हती, कारण करवत प्रत्येक वेळी आपला वाटा खातेच. म्हणून खाली कातड्याचा तुकडा लावून ती भरून काढली होती. सरस नवा होता.

त्या चकत्या मला माहीत होत्या. त्या माझ्या होत्या. माझ्या बाहुलीची ताटं. लहानपणी एका पत्र्याच्या डब्यात मी त्या ठेवल्या होत्या, मोठी ताटं मोठ्या बाहुल्यांना, पातळ ताटं लहान बाहुल्यांना, आणि तो डबा घरं बदलताना दरवेळी माझ्याबरोबर आला होता. ही ताटं आली कुठून, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

“या कापल्या होत्या ना दादाने,” आत्या म्हणाली. “परत कशाला चिकटवल्या? वेड लागलंय का त्याला?”

“का कापल्या होत्या?”

आत्या माझ्याकडे वळली. “तुला माहीत नाही? तुझ्या वेळी वहिनीचा खुबा गेला तो गेलाच. उभं राहवायचं नाही, आणि बसली तर उठता यायचं नाही. खुर्चीतून उठवायला मला हाक मारायची. आणि तिला ते आवडायचं नाही, मानी होती. मग दादाने हे स्टूल केलं. रोज संध्याकाळी कामावरून आला की पुढच्या पायांची एकेक चकती कापायचा, तिला बसवायचा, आणि विचारायचा, ‘आता?’ ती उठून बघायची आणि म्हणायची, ‘अजून थोडं.’ दुसऱ्या दिवशी अजून थोडं. सात दिवस चाललं होतं हे नाटक. सातव्या दिवशी कुणाचा हात न धरता उठली, आणि मग काय विचारतेस, दिवसभर बसायची आणि उठायची, बसायची आणि उठायची. लहान मुलासारखी. मी म्हटलं, वहिनी, पुरे आता, स्टूल झिजेल.”

मला आई आठवते ती त्या स्टुलावरून सतत उठताना.

“पण मग कारखान्यात ते...” मी म्हटलं.

“मालक एकदा घरी आला होता, त्याने पाहिलं आणि मापं घ्यायला उचलून नेलं, मागून परत पाठवलं. दादा म्हणाला, साहेब, हे एकाच बाईच्या मापाचं आहे, धडधाकट बाई यावरून घसरेल. तर साहेब म्हणाला, बायका काय, सगळ्या सारख्याच. मी चहा घेऊन उभी होते ना तिथे. तुला हे पुस्तकात घालायला हवं होतं तर बापाला विचारायचंस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतकी शिकलीस, शहाणे, आणि एवढं विचारता आलं नाही?”

माझ्या सगळ्या पुस्तकात त्या मालकाच्या वाक्याच्या तोडीचं एकही वाक्य नव्हतं. ते बाल्कनीत माझ्याच घरात बसलं होतं, आणि मी त्याला सरसाबद्दल विचारत होते. पण खरी लाज त्याची वाटली नाही. कारखान्याने हजारो बायकांना घसरवलं हे मी बरोबर लिहिलं होतं. मग मी शितावरून भाताची परीक्षा केली आणि आईलाही त्या हजारांत टाकून दिलं. बायका सगळ्या सारख्याच, असं मीही म्हटलं होतं. फक्त मी ते चांगल्या भाषेत म्हटलं होतं.

बाबा अंघोळ करून बाल्कनीत जाऊन बसले होते. मी स्टूल घेऊन त्यांच्यासमोर गेले. आत्या मागे दारात उभी राहिली.

“बाबा, मी चुकले,” मी म्हटलं. “आत्याने सगळं सांगितलं. आईचा खुबा, सात दिवस, सगळं. तुम्ही तिला बसायला नको म्हणून केलं नव्हतं. तिला उठता यावं म्हणून केलं होतं. मी पाटी बदलते. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ते पान काढून टाकते.”

त्यांनी चष्मा लावला. मग पुस्तक उचललं, मोजपट्टी घातलेलं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

“मलाही तसंच वाटत होतं,” ते म्हणाले. “उठता यावं म्हणून केलं असंच मला वाटत होतं. पन्नास वर्षं वाटत होतं. पण तू लिहिलंयस ना, बनवणाऱ्याला भल्यासाठीच करतोय असं वाटत असतं. मी खूप विचार केला. ती उठायला लागली तशी घरातली सगळी कामं पुन्हा तिच्यावरच गेली. मी तिला एकदाही म्हटलं नाही की बस, मी करतो. मी नुसते पाय कापत बसलो.”

“दादा, मूर्खासारखं बोलू नको,” आत्या म्हणाली. “ती खूश होती. मी होते तिथे.”

“तिला कळत नसेल,” बाबा म्हणाले. “हेच तर हिचं म्हणणं आहे.”

“माझं म्हणणं चुकीचं होतं, बाबा!” मी जवळजवळ ओरडलेच. “मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं.”

ते हसले. माझ्यावर रागावता आलं असतं तर फार बरं झालं असतं, पण ते हसले, आणि मी लहानपणी पडल्यावर थोपटायचे तसं त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

“आता तू माझ्याकडे बघून बोलतेयस, पोरी. माझं मन राखायला बोलतेयस. पुस्तक लिहिताना तुला कुणाचं मन राखायचं नव्हतं. तेव्हा जे लिहिलंस ते खरं. आणि पाटी बदलू नकोस. बापासाठी लेकीने फिरवलं, असं म्हणतील लोक. तुझं नाव आहे.”

मी एकतीस वर्षं ज्या नियमावर गुण वाटले, तो नियम त्यांनी मला परत केला होता. बनवणाऱ्याचं ऐकू नका. त्यांनी स्वतःचंही ऐकायचं सोडलं होतं. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत माझं म्हणणं इतकं मनापासून पटलेला हा एकच.

आत्या डोळ्याला पदर लावून आत गेली. मी त्या स्टुलावर बसले. सपाट, घट्ट, कुठे डुगडुग नाही. मिलीमीटरचं काम. थोड्या वेळाने उठायला गेले तर उठवेना. माझे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते. हाताने टेबलाची कड धरावी लागली, तरी कळ आलीच.

आणि मला एकदम सुचलं. हे पुस्तक नव्हतं, पाटी नव्हती, यात मन राखायचाही प्रश्न नव्हता. माझे गुडघे खरोखरच दुखत होते.

“बाबा,” मी म्हटलं, “याचे पुढचे पाय मला कापून द्या. आईला दिले होते तसे. रोज एकेक चकती. मी सांगते तुम्हाला, अजून थोडं की पुरे.”

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. करवत त्यांच्या उजव्या हाताशी खिळ्याला टांगलेली होती, आणि क्षणभर त्यांचा हात तिकडे गेला, मी पाहिलं. मग तो हात त्यांनी मांडीवर परत आणला.

“छे, छे,” ते म्हणाले. “ती चूक पुन्हा नको. तिला नाही बसू दिलं मी. निदान तू तरी नीट बस.”

आणि मी उभी राहिले होते, तर त्यांनी स्टूल हलकेच पुढे सरकवलं, माझ्या पायाला लागेपर्यंत.

“बस,” म्हणाले. “बस गं.”

मी बसले.